मोजणारीचं बटण

आमच्या घरात भांडणं मोठ्या आवाजात व्हायची, पण निकाल लागायचा तो चहाच्या एका जुन्या डब्यात. डब्याच्या झाकणाला बाबांनी छिन्नीनं बोटभर लांबीची चीर पाडली होती. घर बदलायचं का, कुत्रा पाळायचा का, धाकट्याला मोटरसायकल घेऊन द्यायची का, असा कुठलाही मोठा प्रश्न आला की तो जेवणाच्या टेबलावर मांडायचा. ज्याला जे बोलायचं ते बोलू द्यायचं, आणि मग प्रत्येकाच्या हातात दोन बटणं ठेवायची. पांढरं म्हणजे हो, काळं म्हणजे नाही. मूठ झाकून एक बटण डब्यात टाकायचं आणि उरलेलं शेजारच्या बरणीत. बरणीत टाकाऊ बटणं शेकड्यांनी होती, तेव्हा कुणी काय टाकलं हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

बाबांचं म्हणणं असं, की माणूस चारचौघांत भिडेपोटी खोटं बोलतो, मुठीत मात्र खरं बोलतो. म्हणून एक नियम फार कडक होता. आपण कुठलं बटण टाकलं हे नंतर कुणी कुणाला सांगायचं नाही. जिंकल्यावर फुशारकी नाही आणि हरल्यावर 'मी आधीच सांगत होतो' नाही. मला हे सगळं लहानपणी फार थोर वाटायचं. आता वाटतं, भित्र्या माणसांची याहून चांगली सोय कुणी केली नसेल.

बटणं आईच्या कारखान्यातली. चौतीस वर्षं ती मोजणीच्या टेबलावर होती, शेवटची बारा वर्षं त्या टेबलाची प्रमुख. डावखुरी. डाव्या अंगठ्याखालून बटण सरकलं की न बघता तिला कळायचं, दोन भोकांचं आहे की चार, कड फुटकी आहे की नीट. तिनं मोजलेली पेटी कारखान्यात कुणी पुन्हा मोजत नसे. तेव्हा घरातला डबा मोजायचं कामही आपसूक तिच्याकडे आलं. ती डबा घेऊन स्वयंपाकघरात जायची, बाहेर येऊन आकडा सांगायची. मोजणीवर शंका यायला नको म्हणून मोजणाऱ्यानं मत द्यायचं नाही, हाही बाबांचाच नियम. तो आम्हाला इतका रास्त वाटायचा की त्यावर कधी बोलणंसुद्धा झालं नाही.

बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. डबा कपाटावर धूळ खात पडला होता. तो पुन्हा खाली काढायची वेळ आली ती आईच्या पायांमुळे.

आधी आम्ही ते दुखणं वयावर ढकललं. चालता चालता तिच्या पायातली चप्पल मागे राहायची आणि तिला पत्ताच नसायचा. मग ती भिंत धरून चालायला लागली, मग माणूस धरून. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पाच महिने ती खाली उतरली नव्हती. गॅलरीत खुर्ची टाकून बसायची आणि रस्त्यावरच्या माणसांवर शेरे मारायची. शेवटी मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या आणि कळलं, की मानेच्या खालच्या बाजूला, मणक्याच्या नळीत गाठ आहे. कॅन्सर नाही. साधी, सावकाश वाढणारी गाठ, पण जागा वाईट.

सर्जन बाई होत्या. ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवून बोलणाऱ्या, प्रत्येक वाक्य दोनदा तोलून बाहेर काढणाऱ्या. त्यांनी कागदावर मणका काढला आणि सगळं न लपवता सांगितलं. शस्त्रक्रिया केली तर दहातल्या सहासात जणांचे पाय सुधारतात. दोनेक जणांचं आहे तसंच राहतं. एखाद्याचं बिघडतं. हात जातात, श्वासाला यंत्र लागतं, किंवा माणूस टेबलावरून परत येत नाही. आईचं हृदय थकलेलं असल्यामुळे तिच्या बाबतीत एखाद्याऐवजी दीड धरा, असं त्या म्हणाल्या. दीड माणूस म्हणजे कसा, असं दादानं विचारलं. त्यांनी चष्मा खाली घेतला, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा वर चढवला.

नाही केली तर? तर जिवाला लगेच धोका नाही. वर्षा-दोन वर्षांत पाय पूर्ण जातील, पुढे हात. आधी खुर्ची, मग खाट. चार वर्षं, पाच वर्षं, नीट सांभाळलं तर थोडी जास्तही.

तासाभरात आईनं एकच प्रश्न विचारला.

"बाई, मला कुणी न धरता जिना उतरता येईल का?"

"केल्यावर येईलच असं नाही सांगता येत," बाई म्हणाल्या. "नाही केली तर येणार नाही, एवढं सांगता येतं."

आई 'बरं' म्हणाली आणि पर्सची चेन लावत बसली. मला तिचा राग आला होता. इथे जगण्या-मरण्याचं चाललंय आणि हिला जिन्याचं पडलंय, असं वाटलं. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करते. अठ्ठावीस वर्षं लोकांना गोळीच्या पाकिटातली चिठ्ठी वाचायला शिकवते. कुठल्या औषधानं काय बिघडू शकतं ते माझ्या तोंडपाठ आहे, आणि त्यामुळे मला सगळं कळतं असा माझा समज होता.

आता आम्ही तिघं कसे आहोत ते सांगते. दादा कचेऱ्यांमधली आग विझवायची लाल नळकांडी तपासतो. त्याच्या स्वतःच्या घरात अशी चार आहेत, त्यातलं एक न्हाणीघरात. दुधानं तोंड पोळलेलं नसतानाही ताक फुंकून पिणारा माणूस. धाकटा भाऊ टोळ. लहानपणी भिंतींवरून उड्या मारायचा म्हणून हे नाव पडलं. आता सहा फुटांचा, टक्कल पडलेला टोळ गाडी चालवायला शिकवतो. तो आईबरोबर राहतो. पहाटे उठून तिला हाताला धरून संडासला नेतो, दाराबाहेर पाठ करून उभा राहतो आणि मुद्दाम मोठ्यानं बातम्या लावतो. मधली मी. दोन्ही भावांपेक्षा आपण शहाण्या, हे मी चेहऱ्यावर न दाखवता मनात धरून चालते. दाखवते, असं ते म्हणतात.

पुढच्या रविवारी आम्ही टेबलाशी बसलो. दादा म्हणाला, शेवटी तिच्या भल्याचा विचार व्हायला हवा. टोळ म्हणाला, घाबरून कसं चालेल. मी पाकिटावरची चिठ्ठी वाचावी तसे दोन्ही बाजूंचे आकडे वाचून दाखवले. आता बघितलं तर या तीन वाक्यांत होही नाही आणि नाहीही नाही. पण मी मनाशी हिशोब केला. टोळ उड्या मारणारा, तो पांढरं टाकणार. दादाला 'भलं' म्हणजे बरं होणं असंच म्हणायचं असणार. म्हणजे माझ्या बटणानं काही अडत नाही. मग आपलं अंग का अडकवायचं? मूठ झाकली आणि काळं टाकलं.

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर आई नव्हती. टेबलावर ती गेली तर जन्मभर मी पांढरं टाकलं होतं हे मला माहीत राहील, एवढंच होतं. खाटेवर पडून ती हळूहळू गेली असती, तर त्याला दैव म्हणता आलं असतं. आपण केलेल्या गोष्टीचा डाग लागतो आणि न केलेल्या गोष्टीचा लागत नाही, हे हिशोबाचं गणित मला न शिकवता येत होतं.

आईला स्वयंपाकघरात जाता येत नव्हतं. तेव्हा तीच म्हणाली, तुम्ही गॅलरीत जा. आम्ही तिघं गॅलरीत जाऊन खालच्या रस्त्याकडे बघत राहिलो. तीन बटणं मोजायला वेळ तो किती लागतो? पण समोरच्या इस्त्रीवाल्यानं दोन शर्टांच्या घड्या घातल्या तरी हाक येईना. टोळ म्हणाला, झोपली की काय. मग हाक आली.

डबा तिच्या मांडीवर होता, झाकण लावलेला.

"दोन पांढरी, एक काळं," आई म्हणाली. "करायचं ठरलं."

मी दोघांकडे बघितलं आणि मनात म्हटलं, हे दोघे. चेहरे मात्र दोघांचेही पडलेले होते. मला वाटलं, आपल्याच बटणाची भीती वाटत असेल.

नंतरचे तीन आठवडे मी किती वाईट वागले ते माझं मला ठाऊक. दादाचा फोन आला की एका शब्दात उत्तर. टोळनं आईच्या पथ्याचं काही विचारलं की 'तुम्हीच ठरवा, तुम्हाला कळतंच सगळं'. आईचे पाय चोळताना मला भरून यायचं आणि त्या भरून येण्यात एक लबाड समाधानही असायचं, की यात माझा हात नाही. मी तर नको म्हणत होते. सापही मरावा आणि काठीही मोडू नये, तशातली माझी गत. ती वाचली तर माझी आई वाचली, आणि गेली तर त्यांनी घालवली.

आई मात्र वेगळीच झाली होती. नखं कापून घेतली. स्वेटरचं तुटलेलं बटण स्वतः बसवलं. इस्पितळात कागदावर सही करताना डाव्या हातानं एवढी ठळक केली की पेन खालच्या पानावर उमटलं. मग तिनं आम्हाला बाहेर जायला सांगितलं आणि सर्जनबाईंशी बराच वेळ एकटीच बोलली. बाहेर आलेल्या बाईंना हसू आवरत नव्हतं. काय म्हणाली, असं मी विचारलं तर म्हणाल्या, वेळ आली तर सांगेन.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी आठला तिला आत नेलं. दारापर्यंत आम्ही स्ट्रेचरबरोबर गेलो. टोळनं तिचा चष्मा काढून खिशात ठेवला. तिनं दादाला विचारलं, गॅस बंद केलास ना. दादा आपल्या घरून थेट आला होता, तरी हो म्हणाला.

बाहेरच्या खोलीत खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, एक हलला की ओळीतले सगळे हलणार. भिंतीवर आकड्यांची पाटी आणि प्रत्येक आकड्यापुढे दिवा. आईचा आकडा सतरा. पिवळा दिवा म्हणजे आत काम चालू आहे. कोपऱ्यात चहाचं यंत्र होतं, ते आधी पाणी ओतायचं आणि पेला नंतर टाकायचं. दादानं भिंतीवरच्या लाल नळकांड्याची तारीख तपासली. मग पुन्हा येऊन बसला. दहा वाजले, अकरा वाजले. आम्ही तिघं मिळून चार वाक्यं बोललो असू.

साडेअकराला आतून एक परिचारिका धावत बाहेर आली, कुठूनशी रक्ताची पिशवी घेऊन तशीच आत गेली. ती कुणासाठी होती कोण जाणे. पण दादाचा धीर सुटला. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "झालं तुमच्या दोघांच्या मनासारखं."

मला वाटलं, माझे कान वाजले. आमच्या दोघांच्या म्हणजे कुणाच्या, असं मी विचारलं. तुझ्या आणि टोळच्या, तो म्हणाला. माझा पारा चढला. बाबांचा नियम, चाळीस वर्षं कुणी न मोडलेला, मी भर खोलीत मोडला.

"माझं काळं होतं," मी म्हटलं. "तुम्ही दोघांनी तिला आत पाठवलंत, मी नाही."

"काळं माझं होतं," दादा म्हणाला. "एकच तर काळं होतं. ते माझं."

आम्ही दोघं टोळकडे वळलो. तो गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला होता. आईचा चष्मा त्याच्या हातात होता. तो कितीतरी वेळ त्याच्या काड्या उघडत आणि मिटत राहिला.

"ताई, माझंही काळंच होतं," तो म्हणाला. "मी गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसतो ना, तिथे माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. त्याच्याशिवाय मी कुणाच्या गाडीत बसत नाही. मला वाटलं, तुम्ही दोघं पांढरं टाकाल."

तीन माणसं, तीन काळी. एकाच माळेचे मणी. प्रत्येकानं आपला हात झटकून आईला बाकीच्या दोघांवर सोपवलं होतं. दादानं मोजणीत चूक झाली असेल असं म्हणून बघितलं, पण ते वाक्य त्यानं पुरतं संपवलंही नाही. चौतीस वर्षं जिची पेटी कुणी परत मोजली नाही, ती तीन बटणांत चुकणार होती?

मला एकदम एक जुनी संध्याकाळ आठवली. मी अकरा वर्षांची असेन. कारखान्याची दुसरी शाखा निघाली होती, दुसऱ्या गावात, आणि तिथली मोजणी उभी करायला त्यांना आई हवी होती. बाबांनी प्रश्न टेबलावर मांडला. बोलायला सांगितल्यावर आम्ही शाळा, मित्र, कुत्रा, सगळं बोललो. आईनं आमच्या हातात बटणं दिली, आत जाऊन मोजली आणि बाहेर येऊन म्हणाली, चार काळी. मग ती दोरीवरचे कपडे काढायला गेली. त्या दिवशी तिनं मोजलं ते खरं मोजलं होतं. तिला जायचं होतं का, हे मला आजतागायत माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही, आणि त्या खोलीत, त्या जोडलेल्या खुर्चीत बसून मला पहिल्यांदा त्याची लाज वाटली.

टोळ रडायला लागला. सहा फुटांचा माणूस रडला की अख्खी ओळ हलते. आम्ही तिघं हललो.

तेवढ्यात दार उघडलं आणि सर्जनबाई स्वतः बाहेर आल्या. डोक्याला टोपी, तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढलेला. दिवा अजून पिवळाच होता. आम्ही उभे राहिलो. आई ठीक आहे, त्यांनी आधी तेवढं सांगितलं. मग म्हणाल्या, गाठीचे दोन भाग निघाले, तिसरा मज्जारज्जूला चिकटलाय. इथे थांबलं तर आजचा दिवस सुखरूप. पण उरलेला भाग पुन्हा वाढेल, आणि पाय परत येतील अशी आशा फारशी नाही. पुढे गेलं तर पायांना संधी आहे, पण हातांना धोका आहे, श्वासालाही. हृदय अजून साथ देतंय, पण ते किती वेळ देईल याची हमी नाही.

"असं होऊ शकतं हे मी त्यांना आधी सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "त्या म्हणाल्या, मुलांना विचारा. पण तिघांनी एकेक करून तोंडानं सांगायचं. बटणं चालणार नाहीत. याचा अर्थ मला नीटसा कळलेला नाही. माझ्याकडे फार तर पाच मिनिटं आहेत."

दादानं माझ्याकडे बघितलं. मी टोळकडे. सवयच तशी. दुसरा काय म्हणतोय ते बघून आपलं ठरवायचं. पण इथे डबा नव्हता, मूठ झाकायला जागा नव्हती आणि पिवळा दिवा जळत होता. थांबा, हा शब्द माझ्या जिभेवर होता. एका शब्दात सगळं सुखरूप झालं असतं. आई जिवंत, हात शाबूत आणि आमच्यापैकी कुणाच्या अंगाला डाग नाही. आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक खुर्ची, मरेपर्यंत.

"बाई, तिनं तुम्हाला पहिल्या दिवशी काय विचारलं होतं?" मी म्हटलं.

"जिना," बाई म्हणाल्या.

"मग पुढे जा. तीन काळी आहेत आणि एक पांढरं. पण पांढरं तिचं आहे."

बाईंना अर्थ कळला नसणार. त्या दादाकडे वळल्या. दादाच्या कपाळावर घाम होता. तो म्हणाला, पुढे जा. त्याचा आवाज फाटला म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं. टोळनं नाक पुसलं, चष्मा खिशात ठेवला आणि तोही म्हणाला, पुढे जा. बाईंनी मास्क वर ओढला आणि दार बंद झालं.

त्यानंतरचे तीन तास मी आयुष्यात परत मागणार नाही. एक मात्र झालं. आम्ही एकमेकांना दोष देऊ शकत नव्हतो. दादा उठून तीन चहा घेऊन आला. यंत्रानं त्याच्या हातावर गरम पाणी सांडलं होतं, ते त्यानं सांगितलं नाही. आम्ही जवळजवळ बसलो.

आई वाचली. श्वास तिचा तिनं घेतला. दुसऱ्या दिवशी उजव्या पायाचा अंगठा हलला, आठवड्यात दोन्ही पाय. डावा हात मात्र गेला. हलत होता, उचलत होता, पण बोटांत जाणीव राहिली नाही. सर्जनबाईंनी तेही न लपवता सांगितलं, की ते शेवटच्या तुकड्यात झालं. म्हणजे आम्ही पुढे जा म्हटल्यानंतर. थांबा म्हटलं असतं तर हात राहिला असता.

इस्पितळात पाचव्या दिवशी आईनं टोळकडून घरातली बरणी मागवून घेतली. त्यातली मूठभर बटणं चादरीवर ओतायला लावली, डोळे मिटले आणि डाव्या अंगठ्याखालून एक बटण सरकवलं. मग दुसरं. मग तिसरं. डोळे उघडून बघितलं आणि पुन्हा मिटले. मी तिचा हात धरायला गेले, तिनं तो काढून घेतला. मग ती रडली. बाबा गेले तेव्हाही ती अशी मोठ्यानं रडली नव्हती. मी काहीतरी बोलायला लागले, पाय परत आले, ते बघ, असलं काहीतरी.

"गप्प बस जरा," ती म्हणाली. "बटण मीच टाकलं होतं ना? मग रडूही मलाच दे."

तिचं रडून झाल्यावर मी बटणं गोळा केली. दोन खाटेखाली गेली होती, तीही काढली.

पाचव्या महिन्यात, एका सकाळी, ती म्हणाली खाली जायचंय. टोळ कामावर गेला होता, घरी मी एकटी. मी तिला स्वेटर चढवला आणि बटणं लावून दिली, कारण ते आता तिला जमत नाही. तिनं मान खाली घालून बघितलं आणि म्हणाली, मधलं एक सुटलंय. ते लावलं. मग तिनं उजव्या हातानं कठडा धरला आणि पहिली पायरी उतरली. मी मागे, दोन्ही हात पुढे करून, पडलीच तर झेलायला.

"हात मागे घे," ती न वळता म्हणाली. "तुझी सावली पडतेय पायरीवर."

बावन्न पायऱ्या आहेत. पंचवीस मिनिटं लागली. दर मजल्यावर ती थांबली. एकदा डावा पाय मुरगळल्यासारखा झाला, तरी मी हात मागेच ठेवले. खाली गेल्यावर ती दारालगतच्या कट्ट्यावर बसली, घामानं निथळत. रस्त्यावरचा इस्त्रीवाला तिला बघून इस्त्री हातात घेऊन तसाच उभा राहिला. तिनं त्याला कापड जाळशील म्हणून दटावलं.

मी तिच्या शेजारी बसले. तिचा डावा हात माझ्या मांडीवर येऊन पडला होता, आणि तो तिथे आहे हे तिला माहीत नव्हतं. पाच महिने मी जे पोटात धरून होते ते बाहेर आलं. म्हटलं, तुला करायचंच होतं, तर सरळ सांगायचंस ना. आम्ही नाही म्हणालो असतो का?

"नाहीच म्हणाला होतात," आई म्हणाली. "मी मोजलं होतं."

"पण तू तोंडानं सांगायचंस. मला करायचंय म्हणून."

ती रस्त्याकडे बघत होती. जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांकडे, इतक्या महिन्यांनी त्यांच्याच उंचीवरून.

"विचारलं कुणी?" ती म्हणाली.

तिनं उजव्या हातानं आपला डावा हात माझ्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि उठली. म्हणाली, चल, बावन्न अजून वर आहेत. तिनं कठडा धरला. मी माझे हात पाठीशी बांधले आणि तिच्या मागून पायऱ्या मोजत वर चढायला लागले.